कानात गोष्ट, पायाखाली नाशिक

पाहुण्यांनी कानाला इअरफोन लावायचे आणि जुनं नाशिक आपल्या पायांनी, आपल्या वेळात, हसतखेळत बघायचं. असा ‘ऑडिओ वॉक’ घरच्या घरी तयार करण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. त्यातल्या सहा प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या पाच-सहा जणांनी मिळून तासाभराचा विनोदी ऑडिओ वॉक लिहिला. रामकुंडापासून काळाराम, नारोशंकर, मग नदी ओलांडून सराफ बाजार. घरात वाचून दाखवला तेव्हा सगळे खूप हसले. प्रत्यक्षात मात्र पाहुणे अजून काळारामाच्या दारात होते आणि कानात नारोशंकराची घंटा सुरू झाली. दहीपुलाजवळ तर सगळेच चुकले. काय बिघडलं? (वाचक, गंगापूर रोड)

तुम्ही आधी लिहिलंत आणि नंतर चाललात, तिथेच बिघडलं. क्रम उलटा करा. आधी वही आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच घेऊन तीन वेळा ही वाट चाला : एकदा सकाळी, एकदा संध्याकाळच्या गर्दीत आणि एकदा घरातल्या ज्येष्ठ माणसाला बरोबर घेऊन. वहीत तीनच रकाने हवेत. ठिकाण, तिथपर्यंत लागलेले सेकंद आणि त्या जागी उभं राहिल्यावर समोर खरंच काय दिसतं. तिसरा रकाना लोक गाळतात आणि तोच सगळ्यात मोलाचा असतो. ‘समोर देऊळ आहे’ असं लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात तिथून दिसते ती फक्त फुलवाल्याची ताडपत्री.

आता हिशेब. मोकळ्या घाटावर माणूस रमतगमत मिनिटाला ७० मीटर चालतो. जुन्या नाशकातल्या गल्लीत, दुचाकी चुकवत, तेच अंतर ५० मीटरवर येतं. चालत ऐकायचं मराठी निवेदन मिनिटाला ११० शब्दांपेक्षा वेगाने वाचू नये. म्हणजे चार मिनिटांच्या चालीत ४४० शब्द मावतात. पण लिहायचे २५०, फार तर ३००. उरलेला वेळ वाट चुकायला, पाणी घ्यायला, एखाद्या वाड्याच्या लाकडी खांबाकडे बघत थांबायला लागतो, आणि तो लागलाच पाहिजे.

तासाभराची एकच फाइल करणं ही दुसरी चूक. कुणाची चप्पल तुटते, कुणी फोटो काढतो, दोन मिनिटं मागे पडतो आणि मग शेवटपर्यंत त्याच्या कानात पुढची जागा असते. त्या वाटेचे १४ ते १६ तुकडे करा. त्यात दोन जाती ठेवा : उभ्याने ऐकायचे ट्रॅक आणि चालताना ऐकायचे ट्रॅक. उभ्याचा ट्रॅक दीड-दोन मिनिटांचा हवा. त्यापुढे माणूस पाय बदलायला लागतो आणि मोबाइलमध्ये बघतो. चालीच्या ट्रॅकमध्ये वाट सांगायची आणि हलकं काही बोलायचं, एवढंच. सनावळ्या, बांधणारे, घडलेल्या गोष्टी हे सगळं उभ्याच्या ट्रॅकमध्ये.

दहीपुलाजवळ चुकणं साहजिक आहे, तिथे गल्ल्यांना गल्ल्या फुटतात. अशा जागी नियम एकच. ट्रॅक चौकाच्या अलीकडे संपवायचा. ‘इथे थांबा. आता कान मोकळे करा, रस्ता ओलांडा. पलीकडे पोहोचलात की पुढचा ट्रॅक लावा.’ चौकात ना विनोद, ना इतिहास. रिक्षाचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. मालेगाव स्टँड आणि पंचवटी कारंजाच्या बाजूने येणार असाल तर तिथेही हेच.

नुसतं ‘डावीकडे वळा’ म्हणू नका. ऐकणारा कुठे तोंड करून उभा आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. नाशकात गोदावरी आहे, तिला इथे गंगाच म्हणतात. तिचा आधार घ्या : ‘रामकुंडाकडून निघा, गंगा उजव्या हाताला ठेवा आणि पाण्याबरोबर खाली चालत राहा.’ असं सांगितल्यावर नारोशंकराकडे जाणारा माणूस चुकत नाही. दुकानाचं नाव, शटरचा रंग, फ्लेक्स ही खूण म्हणून घेऊ नका. सणावाराला पाट्या झाकल्या जातात, दुकानं बदलतात. पूल, पायऱ्या, पार, दीपमाळ, देवळाचा दरवाजा या खुणा टिकतात.

प्रश्न : विनोद किती आणि कुठे घालावा? वडील म्हणतात, देवाच्या दारात थट्टा नको. मला वाटतं, विनोद काढला तर उरते ती शाळेतली सहल. (वाचक, इंदिरानगर)

वडिलांचं रामकुंडापुरतं अगदी बरोबर आहे. तिथे रोज अस्थिविसर्जन आणि दशक्रियाविधी चालतात. शेजारी कुणी आईच्या अस्थी घेऊन उभा असताना तुमचा पाहुणा इअरफोन लावून खुदकन हसला तर ते कुणालाच सहन होणार नाही, आणि दोष पाहुण्याचा नसेल, तो विनोद तिथे ठेवणाऱ्याचा असेल. रामकुंडाची माहिती अहिल्यादेवी होळकर पुलावर, सुंदरनारायणाच्या बाजूला उभं करूनच सांगून टाका. पूल १८९५चा, देऊळ १७५६चं. दोन्हींबद्दल एकेक वाक्य, मग कुंडाबद्दल दोन मिनिटं, आणि शेवटी सूचना : ‘आता इअरफोन खिशात ठेवा आणि घाटावरून शांतपणे चाला.’

काळारामाच्या पूर्व दरवाजाशीही विनोद नको. मंदिर पेशवाईत सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या दगडात बांधलं, चारी दिशांना दरवाजे आहेत, हे सांगा. आणि २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच दारांशी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते, माणसांना माणूस म्हणून आत जाऊ द्यावं एवढीच मागणी होती, हे साध्या आवाजात सांगा. चाळीस सेकंद पुरतात. नंतर निवेदकाने सांगून वीस सेकंद गप्प राहावं. ‘सांगून’ हे महत्त्वाचं, नाहीतर ऐकणाऱ्याला फोन बंद पडल्यासारखं वाटतं. हा थांबा गाळून काळारामाचा फक्त दगड आणि कळस सांगणारा वॉक आम्हाला अपुरा वाटतो. तसंच २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तो थांबा घेतलात तर तोही सरळ सांगा. विनोदी वॉकमध्ये असे दोन गंभीर थांबे असले की बाकीचं हसू हलकं होत नाही, उलट खुलतं.

आता विनोद घालायचा कुठे. जिथे डोळ्यांना काहीतरी दिसतं आहे आणि पाय थांबलेले आहेत, तिथे. क्रम पाळा : आधी वाट, मग माहिती, मग विनोद, मग दोन सेकंद मोकळे. विनोद आधी आणि वाट नंतर केलीत तर हसण्यात वाट बुडते. एका थांब्याला एकच विनोद. नाशकात तो बाहेरून आणावा लागत नाही. उदाहरणार्थ नदीपात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती :

‘बाकीच्या गावांत पूर मीटरमध्ये मोजतात. आपल्याकडे तो मारुतीच्या अंगावर मोजतात. पायाला पाणी लागलं, की लोक बघायला येतात. कमरेला लागलं, की सराफ बाजारातला माल वरच्या फळीवर जातो. छातीपर्यंत आलं, की पुण्यामुंबईचे नातेवाईक फोन करतात. आणि गळ्याशी आलं, की बघायला आलेले घरी जातात.’

हे हसवतं आणि शिकवतंही, कारण मारुतीवरून पाणी सांगायची पद्धत खरीच आहे. लगेच पुढे नारोशंकराच्या घंटेकडे बोट दाखवता येतं : देऊळ १७४७चं, आणि पुराचं पाणी त्या घंटेपर्यंत गेलं की नाशिककर त्याला मोठा पूर म्हणतात. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ ही पुराची सालं इथेच सांगून टाका. समोर मारुती आणि घंटा दोन्ही दिसत असल्यामुळे ती लक्षात राहतात.

कपालेश्वराचंही तसंच. शंकराच्या देवळात नंदी नाही हे पाहुण्याच्या लक्षात येण्याआधी सांगू नका. ‘पायऱ्या चढून आलात, दर्शन झालं. आता सांगा, इथे काय हरवलंय?’ म्हणून ट्रॅक थांबवा. पुढच्या ट्रॅकमध्ये कथा : ब्रह्महत्येच्या पातकातून सुटायची वाट नंदीने दाखवली, म्हणून महादेवांनी त्याला गुरू मानलं, आणि गुरूने आपल्यासमोर बसू नये अशी विनंती केली. पंचवटीतल्या वडांना आकडे लावलेले आहेत. पाहुण्याला १ ते ५ स्वतः शोधायला लावा, मुलं तर पळतच सुटतात.

रहाडीचा थांबा मात्र आवर्जून घ्या. शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा यांपैकी वाटेत पडेल ती. पेशवेकालीन दगडी हौद, वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेला, फक्त रंगपंचमीला उघडायचा आणि त्यात धप्पा मारायचा. बाकी ३६४ दिवस तिथे साधा रस्ता दिसतो. ‘तुम्ही आत्ता एका भल्यामोठ्या हौदाच्या डोक्यावर उभे आहात. पोहता येत नसेल तरी चालेल, पाणी रंगपंचमीलाच भरतात.’ दिसत नाही ती गोष्ट दाखवणं कानाला जमतं, फलकाला नाही. म्हणून ऑडिओचा सगळ्यात चांगला उपयोग याच जागी होतो.

काय टाळायचं? श्लेष. घरात तो हमखास हसवतो, रस्त्यावर मरतो, कारण रहदारीच्या घरघरीत त आणि थ, ट आणि ठ यांतला फरकच ऐकू येत नाही. सिनेनटांच्या नकला आणि चालू राजकारण वर्षभरात शिळं होतं. जात, पुजारी, भाविक, भिकारी, तोतरेपणा यांवरचा विनोद एकही ठेवू नका. ज्या दुकानासमोर पाहुणा उभा असेल त्या दुकानदारावरही नको. आवाज त्याच्यापर्यंत जात नसला तरी पाहुण्याची नजर जाते.

एकट्या निवेदकापेक्षा दोन आवाज बरे, समजा आत्या आणि भाचा. भाच्याने विचारावं, ‘आत्या, नदी गोदावरी ना, मग सगळे गंगेवर चाललो का म्हणतात?’ आणि आत्याने सांगावं, ‘अरे, नाशकात गोदेला गंगाच म्हणतात.’ प्रश्न पाहुण्याच्या मनातलाच असतो, त्यामुळे माहिती व्याख्यानासारखी वाटत नाही. दोन आवाजांच्या पट्टीत ठळक फरक हवा. सारखे आवाज गर्दीत एकच होऊन जातात.

प्रश्न : रेकॉर्डिंग मोबाइलवर केलं. घरात छान ऐकू आलं, मेन रोडवर काहीच कळेना. मोठा माइक घ्यावा का? (वाचक, नाशिकरोड)

मोठ्या माइकची गरज नाही. कॉलरला लावायचा साधा माइक पुरतो. तोंडापासून एक वीत, थोडा बाजूला धरा. समोर धरला तर प, फ, भ वर फटका बसतो. पंखा, फ्रिज बंद ठेवा आणि कुकर उतरल्यावर बसा. खोलीत उघडं कपाट आणि दोन गोधड्या टांगल्या की घुमणं जातं. सुरुवातीला अर्धा मिनिट काहीच न बोलता खोलीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. जोडकाम करताना मधल्या जागा त्याने भरायच्या. पूर्ण निःशब्द जागा कानाला टोचते.

मेन रोडवर कळलं नाही याची कारणं बहुधा दोन. एक, वाक्याच्या शेवटी आवाज पडतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे नेमकं ‘वळा’ की ‘थांबा’ तेच ऐकू येत नाही. शेवटचा शब्द मुद्दाम उचलून बोला. दोन, मोठे-लहान आवाज सारखे केलेले नसतात. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, ८० हर्ट्झखालची घरघर कापा, कंप्रेसर (मोठे-लहान आवाज जवळ आणणारी सोय) लावा, मग सगळे ट्रॅक उणे १६ एलयूएफएसला (ऐकू येणाऱ्या आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणा.

फाइल मोनोच ठेवा. जोडपी एकेक इअरफोन वाटून घेतात. स्टिरिओत आत्या डाव्या कानात आणि भाचा उजव्या कानात ठेवलात तर एकाला नुसते प्रश्न ऐकू येतील आणि दुसऱ्याला नुसती उत्तरं. एमपी थ्री, मोनो, ९६ केबीपीएस ठेवलं की मिनिटाला पाऊण एमबीसुद्धा लागत नाही. अर्ध्या तासाचं निवेदन २२ एमबीच्या आत बसतं. नावाच्या सुरुवातीला दोन अंकी क्रमांक द्या, ०१, ०२ असे. नुसते १, २ दिलेत तर बऱ्याच फोनमध्ये १ नंतर १०, ११ येतात आणि पाहुणा थेट सराफ बाजारात पोहोचतो. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, एकामागून एक आपोआप वाजत सुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि घरच्या वायफायवर उतरवून घ्यायला सांगा.

प्रश्न : ठिकाण आलं की ट्रॅक आपोआप वाजावा अशी सोय करावी का? (वाचक, सिडको)

घाटावर जमेल, जुन्या गल्ल्यांत नको. अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या उंच भिंतींवरून जीपीएसचा सिग्नल उलटून येतो आणि फोनला आपण शेजारच्या गल्लीत आहोत असं वाटतं. शिवाय बॅटरी भराभर उतरते. बोटाने ट्रॅक लावणं बरं. बरोबर एक हाताने काढलेला नकाशा द्या, त्यावर फक्त क्रमांक आणि नदी.

प्रश्न : नाशिक हे नाव शूर्पणखेच्या नाकावरून की नऊ टेकड्यांवरून? वॉकमध्ये कोणतं खरं म्हणून सांगावं? (वाचक, पंचवटी)

दोन्ही सांगा, पण क्रियापदं वेगळी ठेवा. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, ‘अशी कथा आहे’. नऊ शिखरांवर वसलं म्हणून नवशिख, त्यावरून नाशिक, ‘असंही सांगतात’. मुघल काळात गुलशनाबाद हे नाव होतं आणि पेशवाईत पुन्हा नाशिक झालं, हा इतिहास, तो ‘होतं’, ‘झालं’ असा सरळ सांगायचा. ऐकणाऱ्याला कथा आणि इतिहास यांतला फरक आवाजातच कळतो, वेगळं भाष्य लागत नाही.

टेकड्यांचा भाग पायांना पटवून देता येतो. सराफ बाजारातून वर निघालं की चढ लागतो. तिथे म्हणा, ‘दम लागला? ही नऊपैकी एक.’ चढावर याहून जास्त बोलू नका, माणूस धापा टाकत असतो. काझीच्या गढीवर, म्हणजे नदीकाठच्या मातीच्या जुन्या टेकाडावर, मात्र कुणाला चढवू नका. १९५०-५१ मध्ये इथल्या जुन्या गढीचं उत्खनन पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी केलं, वस्ती फार प्राचीन आहे, हे लांबून सांगता येतं. पावसाळ्यात त्या गढीची माती ढासळते.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात, तरी तिला हा वॉक करायचा आहे. कोणत्या दिवशी, किती वाजता न्यावं? (वाचक, मखमलाबाद)

बुधवार सोडून. बुधवारी गंगाघाटावर आठवडे बाजार असतो. बाजार बघायला उत्तम, पण ऐकत चालायला जागा नसते. हिवाळ्यात सकाळी सातला निघा. उन्हाळ्यात साडेसहाला निघून नऊच्या आत सावलीत या, घाटाची फरशी तापते आणि देवळांपाशी अनवाणी चालावं लागतं. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटच पाण्याखाली जातो. त्या दिवसांसाठी वरच्या रस्त्याचा एक वेगळा ट्रॅक करून ठेवा. २०२६-२७च्या सिंहस्थाच्या कामांमुळे वाटा बदलतील, म्हणून नदी ओलांडायला रामसेतू पूल की गाडगे महाराज पूल हे आदल्या दिवशी बघून ठरवा आणि दोन्हींचे ट्रॅक जवळ ठेवा.

आईसाठी वॉकचे दोन भाग करा, पंचवटी एका सकाळी आणि सराफ बाजार, सरकारवाडा, भांडी बाजार दुसऱ्या सकाळी. कपालेश्वराच्या पायऱ्या तिला चढवू नका, नंदीची गोष्ट खाली बसूनही तेवढीच रंगते. सीतागुंफेत वाकून, अंग चोरून उतरावं लागतं, तिथे बाहेरच्या वडाखाली थांबावं. प्रत्येक उभ्याच्या ट्रॅकसाठी बसायची जागा आधी हेरून ठेवा आणि ट्रॅकच्या पहिल्याच वाक्यात सांगा : ‘डाव्या हाताला ओटा आहे, आधी बसून घ्या.’ एकाच कानात इअरफोन लावायला सांगा, रस्त्याकडचा कान मोकळा ठेवून.

वॉक आईच्या हातात देण्याआधी नाशिक न पाहिलेल्या तिघांना तो करायला लावा. तुम्ही वीस पावलं मागून चाला. काही सांगू नका, हात करू नका. ते जिथे थांबून मागे बघतील, जिथे ट्रॅक मागे घेऊन पुन्हा ऐकतील आणि जिथे हसतील, त्या तीनच जागा वहीत टिपा. पहिल्या दोन ठिकाणचा मजकूर त्याच संध्याकाळी बदलून पुन्हा रेकॉर्ड करा.